दोघींची एक गाडी

“तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, तर मला एकच सांगा. कुठल्या गाडीत माणूस मरत नाही?”

काचवाल्या बाईंनी हा प्रश्न मला विचारला तेव्हा मी त्यांच्या दुकानाशेजारच्या जिन्याने माझ्या खोलीकडे निघालो होतो. त्यांच्या स्वरात थट्टा असती तर मी थट्टेने उत्तर दिले असते. ती नव्हती. मी रस्त्यांविषयी, वेगाविषयी काहीबाही बोललो. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि ‘बरं’ म्हणून हातातला फडका पिळला. पुढच्या वर्षभरात जे घडले त्यातले थोडे मी पाहिले. उरलेले त्या घरातल्या माणसांनी आपापली बाजू राखून मला सांगितले. प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले असे मात्र म्हणता येत नाही.

गाड्यांच्या फुटलेल्या काचा काढून नव्या बसवणे हा बाईंचा व्यवसाय. दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरचा एक खोल गाळा: एका भिंतीला लाकडी घोड्यांवर उभ्या केलेल्या काचा, दर दोन काचांमध्ये जाड कापडाची पट्टी, दाराशी गाडी उभी करण्यापुरती जागा, आणि मागे पडद्यापलीकडे स्वयंपाकघर व दोन खोल्या. नवरा छापखान्यात यंत्रावर होता. यंत्राच्या आवाजाने त्याचा एक कान अधू झाला होता, आणि घरातले नको ते बोलणे नेमके त्याच कानावर पडते, असा बाईंचा जुना आरोप होता. त्याला गाडी चालवता येत नव्हती व शिकण्याची इच्छाही नव्हती. मुलगी एकुलती एक. नुकतीच अठरा वर्षांची झालेली, हिशेबशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकणारी, आणि आईहून चांगली दीड वीत उंच. तिच्या मामाने तिला ‘शिडी’ हे नाव दिले होते व ते साऱ्या गल्लीने उचलले होते.

बाईंच्या भीतीचे स्वरूप समजण्यासाठी काचेविषयी थोडे सांगणे भाग आहे. गाडीच्या दाराची काच फुटली की तिचे दाणे होतात आणि तिच्यापुरता तो विषय संपतो. पुढची काच तशी नसते. तिच्यात दोन काचांच्या मध्ये एक पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे ती फुटली तरी विखुरत नाही, आणि तिच्यावर जे गुदरले ते तिच्यातच राहते. बाहेरून दगड लागला तर बारीकसा खड्डा पडतो. आतून डोके आपटले तर काच बाहेरच्या अंगाला फुगते आणि त्या फुगवट्याभोवती कोळिष्टकासारखी भेगांची वर्तुळे उमटतात. बाई डोळे मिटून नुसता तळहात फिरवून कुठला घाव कुठून आला ते सांगू शकत. कधीकधी भेगांत केस अडकलेला असे. अशी काच भंगारात देण्यापूर्वी त्या चिमट्याने तो केस सोडवून घेत, कागदात गुंडाळून टाकत आणि मग साबणाने हात धुवत. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितले नव्हते. मुलगी शाळेत असताना एकदा असाच एक केस निघाला, तो हातभर लांब होता. त्या संध्याकाळी बाईंनी मुलीला वेणी कापायला सांगितले. मुलीने कारण विचारले, बाईंनी दिले नाही, दोघींत अबोला झाला, आणि अखेर वेणी गेली.

असे हे घर गाडी घ्यायला निघाले ते हौसेने नव्हे. गिऱ्हाइके आता दुकानात येण्याऐवजी ‘घरी येऊन बसवून द्या’ म्हणत, आणि वर्षानुवर्षे काचा उचलून बाईंचा उजवा खांदा इतका निकामी झाला होता की जवळच्या फेऱ्यांपलीकडे त्यांना गाडी चालवणे जमेना. काचा नेणारी जुनी गाडी आधीच मोडीत गेली होती. मुलीचे कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा गाडी एकच घ्यावी, सकाळची जवळची कामे बाईंनी करावी, दुपारी मुलीने ती कॉलेजला न्यावी आणि परतताना दूरच्या गिऱ्हाइकांच्या काचा पोचवाव्या, असे ठरले. ठरवले नवऱ्याने, बाई गप्प राहिल्या, आणि त्यांचे गप्प राहणे त्याने होकारात जमा केले. मुलीने परवाना त्याच महिन्यात काढला होता. तो तिने जेवताना पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा ठेवला होता.

“उचल तो,” बाई म्हणाल्या.

“फोटो बघ ना आई. मी चांगली आलेय.”

“फोटो चांगला आलाय. म्हणूनच म्हणते, असा उभा करू नकोस, उचल.”

बाईंचा धाकटा भाऊ जुन्या गाड्यांचा दलाल होता. बहिणीला गाडी दाखवायची म्हटल्यावर त्याला आनंद झाला, आणि तो पहिल्या दुपारीच मावळला. त्याने आधी लाल रंगाची एक छोटी गाडी काढली. मुलगी तिच्याभोवती दोनदा फिरली आणि तिने गाडीच्या टपावर हात ठेवला तो काढलाच नाही. बाईंनी इंजिन पाहिले नाही, चाके पाहिली नाहीत. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कुठल्या साली बनली त्याची बारीक खूण असते. त्या वाकून एकेक खूण वाचत गेल्या.

“बाकीच्या काचा जुन्या आहेत. पुढची नवी आहे.”

“दगड लागला असेल, ताई.”

“असेल.” त्यांनी काचेच्या कडेखाली बोट घातले. “बसवणाऱ्यानं घाई केलीय. आधीच्या काचेला काय झालं होतं?”

“ताई, मी गाड्या विकतो, त्यांची आत्मचरित्रं नाही!”

“तेच तर विचारतेय, का विकत नाहीस?”

मुलीने टपावरचा हात काढून घेतला.

मग एक भलीमोठी, उंच, जाड पत्र्याची गाडी आली. ती नवऱ्याला पसंत पडली. “हा रणगाडा घेऊन टाक. यात आपलं माणूस मरायचं नाही, मरेल तो समोरचा,” तो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. बाई चालकाच्या जागी चढून बसल्या आणि त्यांनी त्याला गाडीच्या नाकासमोर, तिला खेटून उभे राहायला सांगितले. मग गुडघ्यांत वाकायला सांगितले.

“दिसतोय का मी?” त्याने ओरडून विचारले.

“टोपी दिसत होती. आता तीही नाही.”

बाई खाली उतरल्या. रस्त्यावर नेमक्या त्या उंचीची पोरे असतात एवढेच त्या बोलल्या. नवऱ्याने हे बरोबर चांगल्या कानाने ऐकले, आणि पुढे त्याने कुठल्याही गाडीची शिफारस केली नाही.

असे बरेच दिवस चालले. भाऊ गाड्या आणी, बाई कोपऱ्यांतल्या खुणा वाचत आणि मान हलवत. ज्या गाडीच्या काचा मूळच्या असत तिचे काचांमधले खांब जाड निघत, आणि खांबाआड एक उभा माणूस सहज लपतो, असे बाईंचे म्हणणे. “हिला गाडी नकोच आहे,” भाऊ मेहुण्यांजवळ कुरकुरला, “हिला फक्त नाही म्हणायला चारचाकी निमित्त पाहिजे.” यात तथ्य होते. बाई मला नंतर म्हणाल्या की एकही गाडी पसंत पडू नये अशीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी स्वतःपासूनही लपवली होती.

शेवटी जी पसंत पडली ती भावाने दाखवलीच नव्हती. ती त्याच्या आवारात नळापाशी उभी होती: राखाडी, चौकोनी, खोक्यासारखी, मोठमोठ्या काचांची आणि बोटाएवढ्या बारीक खांबांची. आतून चारी बाजूंचे सगळे दिसे. प्रत्येक काच एकाच सालची.

“ही?” भाऊ म्हणाला. “ताई, ही विकायला नाही. हिच्यातून मी भाजी आणतो.”

“आता पिशवीतून आण.”

“अगं, हे गाडी नाही, मत्स्यालय आहे!”

“आई,” मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “यात बसून मी कॉलेजला जाऊ? पोरं वरून पाव कुस्करून टाकतील.”

बाईंनी सगळ्या काचांवरून एकदा तळहात फिरवला आणि त्यांना नाही म्हणायला जागा उरली नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मत्स्यालय दुकानाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

आता त्या दुकानाचा एक नियम सांगायला हवा. जुनी काच काढण्याची बाईंची रीत अशी: गोंदाच्या थरातून एक बारीक पोलादी तार ओवायची, एकाने गाडीच्या आत बसायचे, दुसऱ्याने बाहेर उभे राहायचे, आणि तार आळीपाळीने ओढत काचेच्या कडेकडेने जायचे. बाहेर बाई, आत मुलगी, असे काम वर्षानुवर्षे चालले होते. म्हणजे मुलीचा चेहरा बाईंनी हजारदा फुटलेल्या काचेपलीकडे, चालकाच्या जागी बसलेला पाहिला होता. काच सुटली की ती दोघींनी मिळून उतरवायची आणि मग ज्याने ती घोड्यावर टेकवली त्यानेच पुढे हलवायची. दुसऱ्याने बोट लावायचे नाही. काच कुठल्या कोपऱ्यावर तोलली आहे हे टेकवणाऱ्यालाच ठाऊक असते. हा नियम बाईंना त्यांच्या उस्तादाने शिकवला होता, आणि उस्तादाच्या डाव्या हाताला चारच बोटे होती. त्यामुळे कुणी अधिक स्पष्टीकरण मागितले नाही. नियम घरातही मुरला होता. भिंतीवरचा आरसा नवऱ्याने टांगलेला, तो पुसण्यासाठी उतरवायचा तर त्यानेच. आणि त्याचा कान काम करत नसेल त्या दिवशी आरसा धुळीने भरलेला राही.

गाडी आली त्या दिवशी बाईंनी तिचे तिन्ही आरसे पुसले, सीट आपल्या उंचीला पुढे ओढली आणि आरसे आपल्या नजरेला बसवले. दुपारी मुलीने सीट मागे सरकवली व ती निघून गेली. गाडी परतली की सीट पुन्हा आईच्या जागी आणून ठेवण्याइतकी ती शहाणी होती.

मुलगी गेली की बाईंचे काम मंदावे. वळणावरून येणाऱ्या गाड्यांचे आवाज त्यांना पाठ होते, आणि आता त्या प्रत्येक आवाजातून एक आवाज वेगळा काढू लागल्या. ‘पोचले’ असा निरोप फोनवर येईपर्यंत त्या हातातला तुकडा खाली ठेवत नसत. निरोप आला तरी तो पोचल्याचा. परतण्याचा रस्ता शिल्लकच असे. लांब कुठे कर्कश ब्रेक वाजला की त्या नुसत्या उभ्या राहत, आणि नवरा घरी असला तर तो म्हणे, “कावळा बसला आणि फांदी मोडली असं दर वेळेला नसतं गं.” बाई म्हणत, “फांद्या माझ्याकडेच येतात, अहो. मला विचारा किती मोडतात.” त्यांना धीर एकाच गोष्टीचा होता. सकाळी गाडीत बसल्यावर त्या तिन्ही आरशांत पाहत. आरसे केसभरही हललेले नसत. “पोरगी कशाला उगाच हात लावत नाही,” हे त्यांनी मला एकदा सांगितले, आणि सांगताना त्यांचा चेहरा कधी नव्हे तो सैल झाला होता.

अपघातातल्या गाड्या ओढून आणणारा क्रेनवाला बाईंचा जुना ओळखीचा. एका दुपारी, मुलगी गाडी घेऊन गेलेली असताना, त्याने दुकानासमोर एक गाडी उतरवली. ती राखाडी होती, चौकोनी होती, मोठ्या काचांची होती. पुढचा भाग आत दबून क्रमांकाची पाटी पत्र्याच्या घडीत गेली होती. क्रेनवाला साखळी सोडत होता आणि कुठल्याशा ढाब्यावरच्या महाग चहाविषयी बोलत होता. बाईंना त्याचे ओठ दिसत होते. पुढची काच चालकाच्या बाजूला फुगलेली होती. त्यांनी तळहात ठेवला, कारण दुसरे काय करायचे हे त्यांना सुचले नाही. घाव आतून होता. भेगेत केस होता. त्यांनी तो चिमट्याविना, नखाने ओढला. काळा, आखूड. वेणी असती तर एका क्षणात कळले असते. पण वेणी त्यांनीच कापायला लावली होती, आणि आता हा केस कुणाचाही असू शकत होता. विचारायला एकच शब्द पुरला असता. तो त्यांच्या तोंडून निघेना.

“बाई, बसा, बसा,” क्रेनवाला म्हणाला. “काय झालं?”

त्यांनी काचेकडे बोट केले.

“ते होय? पोस्टातला कारकून आहे. जिवंत आहे, दवाखान्यात. बायकोशी भांडतोय म्हणे, फोनवर.”

बाईंना तो दिवस पुढे आठवत नाही. मुलगी परतली तेव्हा आई पायरीवर बसलेली होती आणि दुकान उघडे टाकून कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीकडे बघत होती, एवढे मुलीला आठवते. तिने चावी खुंटीला लावली. बाईंनी ती काढून पदराला बांधली.

“उद्यापासून तू एकटी जायचं नाही.”

“मग?”

“मी येईन.”

“कॉलेजला? वर्गात पण बसशील?”

“बसले असते. बाकं लहान असतात म्हणून सोडते.”

थट्टा झाली, पण चावी सुटली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई दुकानाला कुलूप लावून मुलीशेजारी बसू लागल्या. दुपारभर कॉलेजच्या फाटकाबाहेर गाडीत वाट पाहत आणि परत येताना पुन्हा शेजारी. एका हाताने दाराची मूठ धरायची, दुसरा हात पुढच्या फळीवर, आणि नसलेला ब्रेक पायाने दाबायचा, अशी त्यांची बैठक. नवऱ्याने गिऱ्हाइके परत जात असल्याची तक्रार केली. ती मात्र बाईंच्या अधू नसलेल्या कानांनीही ऐकली नाही. भीतीला सबळ कारण असले की ती शहाणपणासारखी दिसू लागते, आणि घरातल्या कुणालाही तिच्याशी वाद घालता येत नाही. मुलीनेही घातला नाही. ती दिवसेंदिवस कमी बोलू लागली आणि स्टिअरिंग अधिकाधिक घट्ट धरू लागली.

“समोर बघ.”

“बघतेय.”

“मान कशाला वळवतेस? समोर बघ म्हणते ना!”

“आई, मला बाजूला जायचंय.”

“मग जा. पण समोर बघून जा. मागं वळून बघणारी माणसं माझ्याकडे येतात, काचेसकट.”

हे रोज, जाताना आणि येताना. हळूहळू मुलीची मान वळायची थांबली. बाईंना वाटले, पोर सुधारली.

मग एके दिवशी असे घडले. रुंद रस्ता, उतरती दुपार, पुढे थांबलेली बस. तिला वळसा घालण्यासाठी मुलीने गाडी बाजूला घेतली. मान न वळवता, समोर बघत. मुलीच्या बाजूने भोंगा वाजला, काहीतरी पत्र्याला घासत गेले, आणि एक मोटरसायकल वेडीवाकडी होत पुढे जाऊन कशीबशी पायावर तोलली गेली. वर एक तरुण होता. त्याने गाडी उभी केली आणि हेल्मेट काढले. बाईंची नजर पहिल्यांदा त्याच्या डोक्याकडे गेली. मग मत्स्यालयाच्या पुढच्या काचेकडे. ती स्वच्छ होती.

तरुण खिडकीशी आला. “मेलो असतो की, ताई! आरसे काय शोभेला लावलेत?”

“चुकलं,” मुलगी म्हणाली. “खरंच चुकलं. लागलं का तुम्हाला?”

“लागलं नाही म्हणूनच बोलतोय. लागलं असतं तर बोललो असतो का?” त्याने शेजारी बसलेल्या बाईंकडे पाहिले. त्यांचा चेहरा पाहून त्याचा राग ओसरला असावा. “पाणी पाजा यांना,” असे म्हणून तो निघून गेला.

मुलीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

“तो तुला आरशात दिसला नाही?” बाईंनी विचारले.

“नाही.”

“मग काय दिसत होतं?”

मुलीने बाहेरच्या आरशात पाहिले. “आपलंच दार. आणि थोडा डांबराचा रस्ता, चाकाजवळचा.”

“आणि आतल्या?”

“मागची सीट.”

“आत्ता?”

“नेहमीच.”

बाईंना आधी अर्थच लागेना. मग त्यांनी मुलीच्या गुडघ्यांकडे, मागे सरकवलेल्या सीटकडे आणि आपल्या वीतभर वर असलेल्या तिच्या डोळ्यांकडे पाहिले. काचा बसवणे हे ज्यांचे पोट त्या बाईंना हे सांगायला दुसरे कुणी नको होते.

“तू आरसे हलवत नाहीस?”

“तू लावलेत ना.”

“सीट हलवतेस की!”

“सीट काच नाही.”

“आणि गाडी शिकताना?”

“तिथे मास्तर लावून द्यायचे. मी हात लावला नव्हता.”

“मग इतके दिवस…” बाईंनी मागे वळून पाहिले. “इतके दिवस मागचं बघतेस कशी?”

“मान वळवून. एकटी असते तेव्हा चांगली अख्खी मान वळवते. दोनदा वळवते.” तिने समोर, रस्त्याकडे बघतच पुढचे सांगितले. “तू असलीस की नाही वळवत. तू ओरडतेस.”

मला हे सांगताना बाई हातातला फडका उलगडत व घडी घालत राहिल्या. त्यांना ज्या आरशांनी रोज सकाळी धीर दिला होता ते आरसे मुलगी रोज दुपारी आंधळे घेऊन जात होती. तिचा बचाव तिच्या मानेने केला होता, आणि ती मान त्यांनीच धरून ठेवली होती. गाडी त्यांनी निवडली, काचा तपासल्या, खांब मोजले. मृत्यू कुठल्या दिशेने येईल याचा विचार करताना शेजारच्या जागेचा त्यांनी विचार केला नव्हता.

“हलव,” त्या म्हणाल्या.

“तू लाव ना. मी सांगते कसं दिसतंय ते.”

“मी नाही. तू हलव. तुला दिसेल असा.”

मुलीने आतल्या आरशाच्या कडेला दोन बोटे लावली आणि काढून घेतली. मग पुन्हा लावली. आरसा कुरकुरला. बाहेरचे दोन तिने भीतभीत, एकेक कण फिरवले. एकाकडे तिने पाहिले, मग तोंडावर हात ठेवला.

“आई गं, इथे केवढा रस्ता आहे!”

बाईंनी दार उघडले.

“कुठे चाललीस? चिडलीस का?”

“चिडले नाही. मला भीती वाटतेय, आणि ती तुझ्या मानगुटीवर बसलीय. मी इथून चालत येते.”

“घर किती लांब आहे, माहितीय ना?”

“माहितीय. आजच्या गिऱ्हाइकाची काच मागे आहे, ती अंधार पडायच्या आत पोचव. बसवायला उद्या मी येते म्हणावं. आणि मान वळवायची ती वळव. आरसे लावले म्हणून सोडू नकोस.”

“हळू जाते.”

“हळू नको. नीट जा.”

बाई पदपथावर उभ्या राहिल्या. गाडीचा दिवा लुकलुकला, मुलीची मान वळली, पुन्हा वळली, आणि मत्स्यालय गर्दीत शिरले. त्या बारीक खांबांच्या काचांतून तिचे डोके लांबपर्यंत दिसत होते. पुढच्या चौकात ते थांबले, मग एका ट्रकमागे गेले, आणि ट्रक सरकल्यावर तिथे नव्हते. बाई त्या जागेकडे बघत राहिल्या. मग त्या चालू लागल्या. वाटेत तीन ठिकाणी त्यांना ब्रेक ऐकू आला आणि तिन्ही ठिकाणी त्या मागे वळून पाहत उभ्या राहिल्या. घरी पोचल्या तेव्हा गाडी दाराशी होती, मुलगी आत चहा करत होती, आणि नवरा म्हणत होता, “गाडी असून चालत आलीस? मग घेतली कशाला?”

त्यानंतर बाई तिच्या शेजारी बसल्या नाहीत. सकाळी त्या चालकाच्या जागी बसत तेव्हा आरशांत त्यांना आभाळ आणि झाडांचे शेंडे दिसत, आणि गाडी सुरू करण्याआधी त्या ते खाली आणत. दुपारी मुलगी पुन्हा वर नेई. भीती कमी झाली का, असे मी एकदा विचारले. “पूर्वी मी निदान शेजारी बसून घाबरत होते,” त्या म्हणाल्या. “आता घरी बसून घाबरते. तेवढंच तिच्या कामाचं.” वळणावर गाडीचा आवाज आला की हातातला तुकडा घेऊन उभे राहणे सुटले नव्हते, मी वरच्या खिडकीतून ते पाहत असे.

मुलीने हिशेबशास्त्राची पदवी घेतली, दोन वर्षे एका गोदामात नोकरी केली आणि ती सोडली. २०२३ च्या जानेवारीपासून ती शहराच्या बससेवेत चालक आहे; बाई अजून तिच्या बसमध्ये चढलेल्या नाहीत.